माशी दिसेनाशी झाली तेव्हा

गेल्या हंगामातल्या एका संध्याकाळी, सूर्य मावळून दहाएक मिनिटे झाली असताना, रानाच्या कडेला चाळीस पावलांवर एक हरीण आडवे उभे राहिले. वारा माझ्या तोंडावर होता, त्याला माझी चाहूल लागलेली नव्हती, आणि माझ्या हातात गेली बावीस वर्षे वापरात असलेली, चापाभोवतालचा दांडा खाली-वर करून पुढचे काडतूस भरायची लिव्हर अ‍ॅक्शन रायफल होती. मी ती खांद्याला लावली. हरीण दिसत होते, त्याच्या खांद्यामागची जागाही ओळखू येत होती; पण नेम धरायच्या, नळीवरच्या मागच्या खाचेचा नुसता करडा पुंजका झाला होता आणि नळीच्या टोकावरचा उंचवटा, म्हणजे पुढची पितळी माशी, हरणाच्या तपकिरी अंगात अशी विरून गेली होती की ती खाचेच्या मध्यात आहे की वर चढली आहे, हे मला सांगता येईना. मी बोट चापाकडे नेलेच नाही. हरीण आपल्या वाटेने गेले आणि मी बंदूक रिकामी करून परतलो.

जिथे शिकारीला कायद्याने मुभा आहे तिथे, परवाना घेऊन आणि हंगाम पाळून रानात जाणाऱ्या माणसावर एक जबाबदारी असते, ती म्हणजे सावज एका गोळीत पडले पाहिजे आणि जखमी होऊन झाडीत शिरता कामा नये. ज्या साइटमधून नेम कुठे आहे हे नीट दिसत नाही, तिच्यावर भरवसा ठेवून बार टाकण्याचा मला अधिकार नाही, हे त्या संध्याकाळी स्पष्ट झाले. त्यानंतरचे सात-आठ महिने मी या एकाच प्रश्नावर घालवले, आणि जे समजले ते येथे सविस्तर लिहितो आहे, कारण वयाची पन्नाशी ओलांडलेल्या आणि जुन्या लिव्हर रायफलीवर जीव असलेल्या प्रत्येकासमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

प्रथम डोळ्याविषयी. आपण ज्याला ‘चाळिशी लागली’ म्हणतो ते डोळ्यातल्या नैसर्गिक भिंगाचे कडक होणे असते. विशीत हे भिंग इतके लवचीक असते की दहा-बारा सेंटिमीटरवरचे अक्षरही आपण वाचू शकतो आणि पुढच्या क्षणी क्षितिजावरचे झाड पाहू शकतो. साठीपर्यंत ही लवचिकता जवळजवळ संपते आणि डोळा एकाच अंतरावर बांधला जातो. उघड्या साइटने, म्हणजे खाच-माशीच्या जोडीने, नेम धरताना मात्र डोळ्याकडून तीन अंतरे एकदम मागितली जातात. मी माझ्या रायफलीवर फीत लावून मोजले: गाल दस्त्यावर (बंदुकीच्या खांद्याकडच्या लाकडावर) टेकवल्यावर डोळ्यापासून मागची खाच ३८ सेंटिमीटरवर, पुढची माशी ८२ सेंटिमीटरवर, आणि सावज पन्नास-साठ मीटरवर. तरुण डोळासुद्धा ही तिन्ही एका वेळी स्पष्ट पाहत नाही, तो त्यांच्यात इतक्या वेगाने ये-जा करतो की आपल्याला ते जाणवत नाही. ती ये-जा थांबली की खाच आधी जाते, मग माशी जाते, आणि सावज तेवढे स्पष्ट उरते.

दुसरी गोष्ट उजेडाची. वयाबरोबर बाहुली लहान होत जाते आणि अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही. भिंगही पिवळसर पडते. वीस वर्षांच्या माणसाच्या दृष्टिपटलावर जितका उजेड पोहोचतो त्याच्या सुमारे एक तृतीयांशच साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचतो. म्हणून भर दुपारी मैदानावर छान वाटलेली साइट तिन्हीसांजेला दगा देते. साइटची निवड दुपारच्या उजेडात करणे ही मला या बाबतीतली सर्वांत मोठी चूक वाटते.

आता बंदुकीविषयी थोडे. लिव्हर रायफल ही दाट झाडीत, जवळच्या अंतरावर, पटकन खांद्याला लावून वापरायची बंदूक आहे. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली विंचेस्टर १८९४ आणि १९४८ पासून मिळणारी मार्लिन ३३६ ही तिची दोन सर्वपरिचित रूपे, आणि १८९५ मध्ये आलेले थर्टी-थर्टी हे तिचे नेहमीचे काडतूस. १५० किंवा १७० ग्रेन वजनाच्या गोळीला १०० मीटरवर झीरो केले, म्हणजे नेम आणि गोळी तिथे जुळवली, तर ५० मीटरवर ती एक-दोन सेंटिमीटरच वर लागते, आणि १५० मीटरवर मात्र दहा सेंटिमीटरहून अधिक खाली येते. म्हणजे या बंदुकीचे खरे राज्य शंभर मीटरच्या आतले. दूरचे नेमके टिपणारी साइट तिला नको. जवळचे, मंद उजेडात, विनाविलंब दाखवणारी साइट तिला हवी. हे मनाशी पक्के केले म्हणजे निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

साइट विकत घेण्याआधी मी नेत्रतज्ज्ञांकडे गेलो, आणि हाच क्रम इतरांनीही पाळावा असे मी आग्रहाने सांगेन. माझा रोजचा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे. त्यात वरचा भाग दूरसाठी आणि खालचा भाग वाचण्यासाठी असतो. गाल दस्त्यावर टेकला की मान किंचित पुढे झुकते आणि नजर चष्म्याच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून जाते. तिथे दूरचा नंबर असतो, त्यामुळे माशी धूसर दिसते, आणि कडेला प्रतिमाही थोडी वाकडी होते. माशी स्पष्ट पाहायची तर डोके वर उचलून चष्म्याचा मधला पट्टा शोधावा लागतो, आणि तसे केले की गाल दस्त्यावरून सुटतो. मी बरीच वर्षे नकळत हेच करत आलो होतो, आणि काही गोळ्या वर का जात होत्या याचे कारण मला तिथे सापडले.

दवाखान्यात बंदूक नेणे योग्य नव्हते, म्हणून मी ८२ सेंटिमीटर लांबीची एक पट्टी कापून तिच्या टोकाला माशीच्या आकाराचा काळा ठिपका चिकटवून नेली. पट्टीचे एक टोक गालाशी धरून, ठिपक्याच्या पलीकडे खोलीच्या टोकाचा अक्षरतक्ता पाहत आम्ही एकेक भिंग लावून पाहिले. हिशोब सोपा आहे: ८२ सेंटिमीटरवरची वस्तू अगदी स्पष्ट दिसण्यासाठी दूरच्या नंबरात साधारण सव्वा नंबर मिळवावा लागतो, पण तसे केले तर सावज फारच धूसर होते. म्हणून त्याच्या निम्मा, म्हणजे +०.५० किंवा +०.७५ इतकाच मिळवायचा. मग माशी पुरेशी रेखीव दिसते आणि दूरची वस्तूही ओळखण्याइतकी स्पष्ट राहते. मी नेमाच्या उजव्या डोळ्यासाठी +०.५० मिळवून आणि डावा डोळा पूर्ण दूरच्या नंबरावर ठेवून एक साधा, एका नंबराचा, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेट काचांचा चष्मा करून घेतला. या एका चष्म्याने जितका फरक पडला तितका पुढच्या कोणत्याही वस्तूने पडला नाही. त्याच भेटीत प्रभावी डोळा, म्हणजे मेंदू नेमासाठी ज्याच्यावर अधिक विसंबतो तो, कोणता तेही तपासून घ्यावे, कारण नेमाच्या डोळ्याची दृष्टी कमी झाली की मेंदू हळूहळू दुसऱ्या डोळ्याकडे कल घेऊ शकतो.

चष्म्याने माशी परत आली, खाच मात्र आली नाही, कारण ३८ सेंटिमीटर ही तिची जागाच माझ्या डोळ्याच्या आवाक्याबाहेर गेली आहे. यावरचा जुना आणि माझ्या मते अजूनही सर्वांत समंजस उपाय म्हणजे पीप साइट. नळीवरची खाच काढून टाकायची आणि बंदुकीच्या धडाच्या मागच्या टोकावर, डोळ्याच्या जवळ, एक गोल भोक असलेली साइट बसवायची. त्या भोकाकडे पाहायचे नसते, त्यातून पाहायचे असते. गोलाचा मध्य डोळा स्वतःच शोधतो, त्याला शिकवावे लागत नाही. तीन अंतरांपैकी एक अंतर अशा रीतीने हिशोबातूनच निघून जाते.

दुसरा फायदा दोन साइट्समधल्या अंतराचा. माझ्या रायफलीवर खाच आणि माशी यांच्यात ४४ सेंटिमीटर अंतर होते, पीप बसवल्यावर ते ६५ झाले. नेम धरताना माशी अर्धा मिलिमीटर सरकली, तर ७५ मीटरवर पहिल्या मांडणीत गोळी साडेआठ सेंटिमीटर चुकते आणि दुसऱ्या मांडणीत पावणेसहा. जिथे डोळा चुकणारच आहे तिथे चुकीची किंमत कमी होणे ही मोठी गोष्ट आहे.

पीप साइटच्या बाबतीत भोकाच्या मापावर मात्र थांबून विचार करावा लागतो. भोक जितके बारीक तितकी दूरची आणि जवळची वस्तू एकदम स्पष्ट दिसते. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून चष्म्याविना वाचून पाहिले की हा परिणाम कोणालाही अनुभवता येतो. लक्ष्यावर नेमबाजी करणारे एक-सव्वा मिलिमीटरचे भोक वापरतात ते याचसाठी. पण त्यातून येणारा उजेड क्षेत्रफळाच्या हिशोबाने घटतो, म्हणजे पाच मिलिमीटर भोकाच्या कड्यातून जितका उजेड येतो त्याच्या पंधराव्या हिश्शाइतकाच १.३ मिलिमीटरच्या भोकातून येतो, आणि संध्याकाळी झाडीत ते भोक म्हणजे काळी भिंतच. उलट, फार मोठ्या कड्यातून उजेड सगळा येतो, पण कडे बाहुलीपेक्षा मोठे झाले की बारीक भोकाचा तो स्पष्ट करणारा गुण उरत नाही. मग कडे फक्त खाचेची अडचण दूर करते, माशी स्पष्ट करण्याचे काम चष्म्यालाच करावे लागते. म्हणून चष्मा आणि पीप ही जोडीने निवडायची गोष्ट आहे. मी दिवसासाठी अडीच मिलिमीटर भोकाची चकती ठेवली आहे आणि ऊन उतरले की ती फिरवून काढतो. मग मागे उरते ते पाच मिलिमीटरचे, पातळ कडेचे कडे. कडेची जाडी कमी असेल तितके चांगले, कारण बारीक कड नजरेत जवळजवळ विरून जाते आणि सावजाच्या भोवतालची झाडी दिसत राहते.

पुढच्या माशीकडे लोक पुरेसे लक्ष देत नाहीत असे मला वाटते, आणि म्हातारपणाकडे झुकलेल्या डोळ्याला तर माशीच सगळे काही असते. बहुतेक जुन्या रायफलींवर गोल मण्यासारखी १.६ मिलिमीटरची पितळी माशी असते. मी मोजलेल्या अंतरावरून ती १०० मीटरवर सुमारे वीस सेंटिमीटर भाग झाकते, म्हणजे हरणाच्या मर्मस्थानाइतका. २.४ मिलिमीटरची माशी मंद उजेडात कितीतरी लवकर सापडते, पण १०० मीटरवर ती २९ सेंटिमीटर झाकते. गोल मण्यात आणखी एक खोड असते: बाजूने ऊन आले की त्याची एकच कड चमकते, डोळा ती चमकच माशी समजून खाचेच्या मध्यात आणतो, आणि गोळी उजेडाच्या विरुद्ध दिशेला सरकते. सकाळच्या तिरप्या उन्हात मी हे पुठ्ठ्यावर पाहिले. सूर्य डावीकडे असताना तीन गोळ्यांचा गट ५० मीटरवर चार बोटे उजवीकडे लागला, आणि त्याच बंदुकीने, त्याच काडतुसांनी, ढग आल्यावर पुन्हा मध्यावर लागला.

या दोन्ही अडचणींवर मला पटलेला उपाय म्हणजे २.४ मिलिमीटर रुंदीची, सपाट माथ्याची उभी पाती, जिचा डोळ्याकडचा चेहरा सपाट आणि पांढरा आहे. तिच्या वरच्या कडेवर गोळी लागेल अशी झीरो केली की ती सावजाचे मर्म झाकत नाही, खालून त्याला फक्त टेकते. मग रुंदीचे भय राहत नाही. फायबर ऑप्टिकच्या, म्हणजे उजेड गोळा करून टोकाशी चमकणाऱ्या, हिरव्या-लाल कांड्याही मी वापरून पाहिल्या. दिवसा हिरवी कांडी झळझळीत दिसते, पण हिरव्या पाल्यात ती हरवते आणि उन्हात तिच्या चमकेमुळे कड रेखीव राहत नाही. लाल कांडी दिवसा उठून दिसते, मात्र अंधारू लागले की मानवी डोळ्याची लाल रंगाची जाण सर्वांत आधी मंदावते, त्यामुळे नेमकी हवी त्या वेळी ती काळी पडते. पांढरा रंग शेवटपर्यंत साथ देतो. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात अर्थातच हे गणित उलटेल.

पीप साइट बसवल्यावर माशीची उंची बहुधा बदलावी लागते, कारण मागची साइट पूर्वीपेक्षा उंच बसते. पीप अगदी तळाशी नेऊनही माझ्या गोळ्या ५० मीटरवर १२ सेंटिमीटर वर लागत होत्या. चुकीच्या अंतराला दोन साइट्समधल्या अंतराने गुणून लक्ष्याच्या अंतराने भागायचे, सगळे मिलिमीटरमध्ये: १२० गुणिले ६५०, भागिले ५०,०००, म्हणजे १.५६. तेवढ्याने उंच माशी हवी. गोळी वर जात असेल तर माशी उंच करायची, हे आरंभी उलटे वाटते. मागची साइट गोळी न्यायची त्याच दिशेला हलते आणि पुढची तिच्या विरुद्ध, एवढे लक्षात ठेवले म्हणजे चूक होत नाही.

रेड डॉटविषयी, म्हणजे काचेत उजेडाचा लाल ठिपका दाखवणाऱ्या साइटविषयी, माझे मत मिश्र आहे. सिद्धान्त म्हणून ती वयस्क डोळ्यासाठी आदर्श साइट आहे: ठिपका दूर असल्यासारखा दिसतो, नजर सावजावरच ठेवायची असते, तीन अंतरांचे एकच अंतर होते, आणि लहान आकाराच्या साइटने वजनही फार वाढत नाही. दोन मिनिट ऑफ अँगलचा (कोनाचे माप, एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट) ठिपका १०० मीटरवर सहा सेंटिमीटरहून कमी भाग झाकतो, हे कोणत्याही माशीपेक्षा उत्तम. अडचण आहे ती सिलिंडरच्या नंबराची, म्हणजे डोळ्याच्या वक्रतेतल्या असमानतेसाठी चष्म्यात द्याव्या लागणाऱ्या नंबराची. ज्यांच्या चष्म्यात तो आहे त्यांना ठिपका गोल न दिसता स्वल्पविरामासारखा, दुहेरी किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसतो. माझ्या पुतण्याने मला स्वतःची साइट दिली आणि विचारले, “काका, ठिपका कसा दिसतो?” मी म्हणालो, “शेपूट फुटलेला.” त्याला तो नितळ गोल दिसत होता. दोष साइटचा आहे की डोळ्याचा, हे ओळखण्याची सोपी रीत म्हणजे साइट फिरवून पाहणे: शेपूट साइटबरोबर फिरले तर काचेत दोष, जागीच राहिले तर डोळ्यात. सिलिंडरचा नंबर असलेला चष्मा लावून आणि प्रकाश कमी करून माझे शेपूट बरेच आखडले, पण गेले नाही. ज्यांना ठिपका स्वच्छ दिसतो त्यांनी रेड डॉट निःशंकपणे घ्यावी. बॅटरी हंगामाच्या आरंभी बदलावी, एवढेच. सिलिंडरवाल्यांसाठी प्रिझम साइटही असते, तिच्यात खूण काचेवर कोरलेली असते आणि डोळ्याच्या नंबराप्रमाणे ती स्पष्ट करून घेता येते, मात्र डोळा तिच्या फार जवळ आणावा लागतो.

दुर्बीण, म्हणजे स्कोप, हा मोतीबिंदूकडे झुकलेल्या डोळ्यासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग आहे हे मान्य केले पाहिजे. खूण आणि सावज एकाच प्रतलात येतात, आणि दुर्बिणीचे डोळ्याकडचे भिंग फिरवून ती आपल्या नंबरावर बसवता येतात. लिव्हर रायफलीला मोठी दुर्बीण मात्र शोभत नाही आणि लागतही नाही. अडीच पट मोठे दाखवणारी, २० मिलिमीटर भिंगाची साधी दुर्बीण पुरते: २० भागिले २.५ म्हणजे ८ मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्याकडे येतो, आणि पन्नाशीनंतरची बाहुली तेवढी उघडतच नाही. चाळीस-पन्नास मिलिमीटरच्या भिंगावर खर्च केलेला पैसा या अंतरावर वाया जातो.

अडचणी आहेत त्या बंदुकीच्या घडणीच्या. जुनी विंचेस्टर १८९४ रिकामे काडतूस वरून फेकते, त्यामुळे धडावर दुर्बीण सरळ बसत नाही. मार्लिन ते बाजूने फेकते आणि तिचा माथा सपाट असतो. लिव्हर रायफलीचा दस्ता उघड्या साइटसाठी उतरता केलेला असतो, म्हणून दुर्बिणीतून पाहताना गाल हवेत राहतो. दस्त्यावर चामड्याची गादी बांधून तो उंच करावा लागतो. काडतुसाला चेतवणारा मागचा घोडा दुर्बिणीखाली दडतो, म्हणून त्याला बाजूला निघालेली खुंटी जोडावी लागते, आणि गार बोटांनी घोडा सावकाश खाली घेताना तो निसटू नये यासाठी त्या खुंटीचा सराव रिकाम्या बंदुकीवर पुष्कळ करावा लागतो. शिवाय, धडाशी मुठीत धरून एका हाताने चालण्याचे जे सुख या बंदुकीत आहे ते जाते. हे दुःख किरकोळ आहे असे मी म्हणणार नाही. दिवसभरात आठ-दहा किलोमीटर चालताना ते प्रत्येक पावलाला जाणवते.

अखेर मी आणि पुतण्याने एक परीक्षा घेतली. हरणाच्या रंगाचा तपकिरी पुठ्ठा कापून त्याने तो ५० मीटरवर झाडीच्या कडेला टेकवून ठेवला आणि माझ्या मागे येऊन घड्याळ धरले. रिकाम्या बंदुकीने मी एकेक साइट लावून पाहत राहिलो आणि कोणती कधी हरवते ते त्याने लिहून घेतले. उघडी खाच आणि पितळी माशी सूर्यास्तानंतर सातव्या मिनिटाला गेली. अडीच मिलिमीटरची चकती त्याच सुमारास. मोठे कडे आणि पांढरी पाती एकविसाव्या मिनिटापर्यंत टिकली. पुतण्याची रेड डॉट आणि दुसऱ्या बंदुकीवरची छोटी दुर्बीण या दोहोंतून पुठ्ठा अर्ध्या तासानंतरही नेमात येत होता, पण तो पुठ्ठा आहे की नुसती सावली, हे तोवर मला माहीत होते म्हणूनच कळत होते. अनोळखी सावज त्या उजेडात मी ओळखू शकलो नसतो, आणि जे ओळखता येत नाही त्यावर नेम धरायचा नाही.

म्हणून माझ्या रायफलीवर आज मोठे कडे आणि पांढरी पाती आहे. ७५ मीटरच्या पलीकडे मी बार टाकत नाही, आणि सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी काडतुसे बाहेर काढतो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे असे नेत्रतज्ज्ञांनी सांगितले आहे, उजवा अजून स्वच्छ आहे. माझी ही रायफल मार्लिन आहे; तिच्या माथ्यावरची स्क्रूची भोके मी तेल लावून, बुजवणाऱ्या स्क्रूंनी बंद करून ठेवली आहेत, आणि अडीच पटीची दुर्बीण, चामड्याची गादी व घोड्याची खुंटी एका डब्यात कपाटात तयार आहे. उजव्या डोळ्याची पुढची तपासणी हंगामाच्या आधी एक महिना आहे.